चौदाव्या प्रकरणातली शिट्टी

३ मार्च

नाही. नाही! ही मावशी नाहीच!

आठवडाभर चौदाव्या प्रकरणाची वाट बघत होते. आज सकाळी आलं. कवळ्यांच्या लॅबमध्ये पोचले, पर्स खुंटीला, इयरफोन कानात, हातात मेण कोरायची सुरी, समोर कुणाच्या तरी हिरड्यांचा ठसा. आणि पहिल्याच वाक्याला शिट्टी! प्रत्येक ‘स’ला उकळत्या किटलीसारखी. सुरी बोटात घुसता घुसता राहिली.

“काय गं, घरून फोन आला का?” मालक धावत आले.

काय सांगू? की नावाड्यांच्या कादंबरीत थोरला भाऊ इतक्या वर्षांचा अबोला सोडायला निघालाय आणि माझी मावशी शिट्टी वाजवतेय? “काही नाही,” म्हटलं. पण दुपारपर्यंत एक दात धड बसवता आला नाही.

माझ्या नात्यातली मावशी नाहीच ती, अ‍ॅपवर कादंबऱ्या वाचून दाखवते. नाव आहे तिला, भागाच्या शेवटी स्वतःच सांगते. पण वर्षानुवर्षं दिवसभर कानात बोलणाऱ्या बाईला नावाने कोण हाक मारतं?

४ मार्च

सासूबाईंना ऐकवलं. त्यांचे कान माझ्याहून तिखट. सकाळी भाजी निवडताना त्याही मावशीच ऐकतात. नीट ऐकलं, शेंगेची शीर ओढली, आणि म्हणाल्या, “यंत्र असेल. हल्ली माणसांऐवजी यंत्रंच वाचतात म्हणे.”

धस्स झालं! पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. नाही — ही श्वास घेते. लांब वाक्याच्या आधी घेते, दाराशी चपला काढाव्यात तितक्या सहज. तीच आहे. मग तर जास्तच हादरले. यंत्र असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

वाचणारे मी काय कमी ऐकलेत? एक ते, जे पात्राच्या आधी स्वतःच रडतात. एक ते, जे म्हातारा आला की थरथरतात आणि बाई आली की नाकात बोलतात. एकाने तर खुनाच्या प्रसंगाला मागे बासरी लावली होती — खून राहिला बाजूला, मला झोप आली! मावशी यातलं काही करत नाही. दुःखाचं वाक्य ती भाजीचा भाव सांगावा तसं सरळ सांगते. आणि प्रसंगातल्या शेवटच्या वाक्याआधी थांबते. जरासंच. तिथेच माझी सुरी थांबते.

अशा बाईचं हे काय होऊन बसलं?

६ मार्च

कळलं!! आणि कुणाला कळावं — मला, कवळ्या करणारीला, तीन दिवसांनी! डोक्यात काय भुसा भरलाय माझ्या?

कवळी आहे ती. वरची. नवीकोरी. तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणाच्या मधे मावशीने दात बसवून घेतलेत, आणि कुण्या गाढवाने पुढचे दात चुकीचे लावलेत. ‘स’ला जीभ वर जाते, हवा भलतीकडून निसटते. झाली शिट्टी!

मालकांना सांगितलं तर पोट धरून हसले. “आवाजावरून दात ओळखतेस? आता चालीवरून आतडी ओळख!” हसा! पण त्या कारागिराला एकदा माझ्यासमोर आणा. नाही त्याचे हात धरून विचारलं, की बाबा रे, हे हात आहेत की पळ्या, तर नाव बदलीन. मी वीस वर्षं हेच करतेय. माझ्या कवळीचं पॉलिश बघावं — आत-बाहेर काच! त्यात तोंड बघून कुंकू लावावं!

सासूबाई म्हणाल्या, “तू माझी केलीस तेव्हा माझीही वाजायची शिट्टी. सांगितलं तर म्हणालीस, होईल सवय.”

त्यांना जुनं उकरायची खोडच आहे.

संतापाच्या भरात अ‍ॅपवर शेरा टाकला. एक तारा. ‘सोन्यासारख्या कादंबरीचा सत्यानाश! स आला की शिट्टी. सहनच होत नाही. बाईंनी आता सरळ घरी बसावं.’

जरा जास्त झालं का? पण दात नवे असतील तर आधी सराव करावा ना माणसाने! मग बसावं माइकसमोर.

७ मार्च

शेऱ्याखाली अंगठ्यांवर अंगठे! सगळ्यात वर माझाच. बरं वाटलं. बरं कसलं, मस्त वाटलं.

१० मार्च

पायाखालची जमीन सरकली.

अ‍ॅप उघडलं. पंधरावं प्रकरण नाही. त्या जागी दोन ओळी — श्रोत्यांच्या प्रतिक्रियांची दखल घेऊन पुढचे भाग नव्या आवाजात.

श्रोत्यांच्या म्हणजे माझ्या!

मी असं कुठे म्हटलं होतं? म्हणजे — म्हटलंच होतं. पण माणूस रागात म्हणतो, “मर मेल्या,” म्हणून कोणी मरतं का? मला दात दुरुस्त करून हवे होते. मावशी कुठे नको होती?

घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “तुझ्या जिभेला हाड नाही.” नेहमी म्हणतात. आज लागलं.

“शेवट तिच्याच तोंडून ऐकायचा होता गं मला,” एवढं बोलून आत गेल्या.

१७ मार्च

नवा गडी ऐकला. थोरला भाऊ धाकट्याच्या दारात उभा राहतो, तर याने हुंदका दिला. धाकट्याने दार उघडलं, तर याने ओरडून दार उघडलं! सासूबाई म्हणाल्या, “हा वाचतोय की विकतोय?”

बंद केलं. अबोला सुटला की नाही, माहीत नाही. याच्या तोंडून कळून घ्यायचंच नाही.

१९ मार्च

कसं लिहू? 

सकाळी एक कवळी परत आली. होतं असं, कुठे टोचते, कुठे हलते. आमच्याकडे तोंडं येतात, नावं येत नाहीत. प्लास्टरचा ठसा आणि डब्यावर आकडा. डबा उघडला. पॉलिश बघूनच कळलं, माझी आहे. काच!

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मालकांना फोन. चिडल्या होत्या, मला इथवर ऐकू येत होतं. “पेशंट पुस्तकं वाचते हो! रेकॉर्डिंगचं काम आहे तिचं! टाळूच्या वळ्या ठेवा, गुळगुळीत करू नका, म्हणून निक्षून सांगितलं होतं ना मी? तिचं काम गेलं!”

माझी दातखीळ बसली.

वरच्या दातांच्या मागे टाळूवर बारीक वळ्या असतात. ‘स’ म्हणताना जीभ त्यांचा अंदाज घेते. कवळीत त्या ठेवता येतात. पण दिसायला खरखरीत दिसतात, म्हणून मी घासून टाकते. सगळ्यांच्याच. वीस वर्षं! कुणी तक्रार केली तर — होईल सवय.

मालकांनी फोन ठेवला. “मी सांगितलं होतं तुला. इथे उभा राहून. वळ्या राहू देत म्हणून. आणि तू मान डोलावलीस!”

डोलावली असेन. मोटर सुरू होती. कानात परत नववं प्रकरण लावलं होतं. धाकटा भाऊ वल्हं नदीत फेकून देतो, ते. मालकांचे ओठ हलताना दिसले, आणि मी मान डोलावली, कारण मला ते वाक्य चुकवायचं नव्हतं.

मावशीचंच वाक्य. मावशी कानात वाचत होती आणि मी तिचाच टाळू घासत होते.

मालक उसासले. “आता कुणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.”

घरी येऊन शेरा काढून टाकला. पण तिने काय वाचला नसेल?

२३ मार्च

मावशीची कवळी नव्याने केली. इयरफोन घरीच ठेवले. लॅबमध्ये किती आवाज असतात, आजवर ठाऊकच नव्हतं. एक एक वळी हाताने उठवली. टाळूच्या बाजूला पॉलिश नाही. मालकांनी फिरवून फिरवून बघितली. “पहिल्यांदाच अशी ओबडधोबड केलीस,” म्हणाले. मी म्हटलं, “हो.”

सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. तर नुसत्या म्हणाल्या, “बसवायला तू स्वतः जा. आणि आल्यावर माझीही कर.”

२६ मार्च

गेले होते. भिंतीशी उभी राहिले. मावशी उंच असेल असं का कोण जाणे वाटलं होतं. लहानशी आहे.

डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. “आता ‘स’ असलेलं काहीतरी म्हणून दाखवा बघू.”

मावशीने क्षणभर विचार केला, श्वास घेतला.

“सोन्यासारख्या कादंबरीचा सत्यानाश. स आला की शिट्टी. सहनच होत नाही.” इथे थांबली. जरासंच. “बाईंनी आता सरळ घरी बसावं.”

एकही ‘स’ घसरला नाही.

“वा!” डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. “मग काम कधीपासून सुरू?”

“बसलेय की घरी,” मावशी म्हणाली. मग आरशात बघून हसली. “दात मात्र फार छान झालेत हो. कुणी केले?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मावशी खुर्चीतून उठली, माझ्यापाशी आली, आणि तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. मी त्या पळ्यांकडेच बघत राहिले.