घरून केलेलं बी.ए.

कोसमटोला, ता. भामरागड
दि. १५ जानेवारी २०२५

ती. स्व. गुलाबभाऊ यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

दिव्यानीच्या साक्षगंधातून मी न जेवता निघून आले, त्याचा तुला राग असेल. वहिनीला डोकं दुखतं म्हणून सांगितलं होतं. डोकं दुखत नव्हतं. आमच्याकडचा टॉवर पोळ्यापासून बंद आहे, आणि सुरू असता तरी हे फोनवर बोलवलं नसतं. म्हणून लिहिते.

तू मला हाताला धरून अलोणे सरांपुढे नेलंस. तुझ्या होणाऱ्या जावयाचे, आयुषचे मोठेबाबा, रिटायर प्राचार्य, म्हणून मीही पदर सावरून उभी राहिले. तू म्हणालास, “ही माझी लहान बहीण. नागपूरले कॉलेजात राहून बी.ए. झाली.” मी तुझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. अंगणवाडी सांभाळून, पुस्तकं मागवून, मुक्त विद्यापीठातून मी घरीच बी.ए. केलं, हे तुला ठाऊक आहे. वाटलं, चुकून बोललास. पण तू डोळ्यानं खुणावलंस.

सर नागपुरातच शिकवत होते. त्यांनी कॉलेज विचारलं. बसच्या खिडकीतून पाहिलेल्या एका कॉलेजचं नाव मी सांगितलं. मराठीला कोण होतं, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. शिकवणाऱ्या माणसाचं नाव कोणी असं विसरतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “असू द्या” म्हणाले आणि दुसऱ्या पाहुण्याशी बोलू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोटं तू सुरू केलंस, भाऊ, पण पुढचं सगळं माझ्याच तोंडून निघालं. अहेरीपर्यंत बसमध्ये मी तोंडावर पदर घेऊन बसले होते.

वहिनीला जयभीम. माझ्यावरची माया कमी करू नको.

तुझी बहीण,
सरिता

ऊर्जानगर, चंद्रपूर
दि. २७ जानेवारी २०२५

चि. सौ. सरितास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. एवढं मनाले लावून घ्यायसारखं काय झालं, मले समजलं नाई. मी काही तुले अडाणी नाई म्हटलं, वाढवूनच सांगितलं.

त्या घरी सगळे शिकलेले. आयुषची आई शिक्षिका, मोठेबाबा प्राचार्य. इथी मी आयटीआयवाला, तुझी वहिनी दहावी. चार लोकांत सांगायले आपल्याकडे एक तुझंच शिक्षण होतं. आमच्या सेक्शनमधल्या लटारूनं प्रमोशनसाठी अशीच घरबसल्या पदवी घेतली. त्याले प्लांटच्या कॅन्टीनमध्ये अजून ‘पोस्टाचे साहेब’ म्हणतात. तोही हसते बिचारा, काय करल? दिव्यानीच्या सासरी तुले कोणी असं म्हटलं असतं, तर मले ऐकवलं असतं काय?

एक ऐक. एप्रिलात लग्न आहे. तोवर जे बोललो तेच राहू दे. मंग कोण विचारते? तू मात्र हळदीच्या आधी येजो आणि या खेपेस डोकं घरी ठेवून येजो. वहिनी तुझ्यासाठी साडी पाहून राह्यली. हिरवी घेऊ की जांभळी, ते कळवजो.

भावाची ओढ असू दे, एवढंच मागणं.

तुझा,
गुलाबभाऊ

ऊर्जानगर
दि. २९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

बाबांनी तुला काय लिहिलं ते मला माहीत आहे. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला त्यांनी माझ्याच हाती दिलं होतं. मी वाचलं. माफ कर.

बारावीनंतर आईच्या आजारपणात माझं कॉलेज सुटलं, तू पाहिलंस. आयुष म्हणतात, लग्नानंतर घरी बसून बी.ए. कर, आत्यांनी केलं तसं. म्हणजे त्यांना तुझं खरं माहीत आहे, मीच सांगितलं होतं. मोठेबाबांना सांगायचं राहिलं, आणि बाबांनी तिथेच भलतं सांगून टाकलं. आता मला रोज धाकधूक वाटते. ज्या शिक्षणाला माझे बाबा लपवतात, ते मी सासरी कोणत्या तोंडानं मागू?

माझी मैत्रीण मंजुषा म्हणते, असल्या डिग्रीला नोकरीत कोणी विचारत नाही. ती स्वतः वरोऱ्याच्या कॉलेजात रेग्युलर आहे, म्हणजे हजेरी लावते आणि घरी येऊन झोपते. तिचं कितपत मनावर घ्यावं?

तू मला गोड करून सांगू नको. तुला त्याचा उपयोग झाला का? की उगाच डोळे फोडले?

उत्तराची वाट पाहते. मला विसरू नको.

तुझी,
दिव्यानी

कोसमटोला
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद.

गोड करून सांगत नाही. विद्यापीठाला मान्यता असली, तर कागदावर ही पदवी दुसऱ्या पदवीइतकीच चालते. ते आधी नीट पाहून घ्यायचं. तिच्यामुळेच मला पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता आलं. परीक्षेत मी थोडक्यात राहिले. तेव्हा ऑफिसातला एक माणूस माझ्यासमोरच म्हणाला की घरच्या अभ्यासावर एवढंच होणार. म्हणजे दार उघडलं, पण आत गेल्यावर खुर्ची कोणी पुढे केली नाही.

अभ्यास जड गेला. अडलं तर विचारायला कोणी नाही. अहेरीच्या केंद्रावर रविवारी तास असायचे, पण आमची बस पोचेपर्यंत सर उठलेले असायचे. एका वर्षी पर्लकोटेला पूर आला, पूल बुडाला, पेपरही गेला. म्हणून सांगते, ज्याच्या घराजवळ कॉलेज आहे आणि ज्याला जाता येतं, त्यानं खुशाल कॉलेजात जावं. तुझ्या सासरी, राजुऱ्याला कॉलेज आहे. आधी ते विचार. नाहीच जमलं, तर घरून कर, पण कर.

मला काय मिळालं म्हणशील, तर पूर्वी तालुक्याच्या बैठकीत मी भिंतीला टेकून बसायची. आता अंगणवाडीच्या मुलांचा आहार वेळेवर का येत नाही, हे साहेबांना उभं राहून विचारते. त्यांना ते आवडत नाही, तरी उत्तर द्यावं लागतं. आणि तीच मी तुझ्या साक्षगंधात एका म्हाताऱ्या माणसापुढे खाली मान घालून खोटं बोलले. एवढ्या कष्टानं मिळवलेल्या गोष्टीची मीच लाज धरली. हे मला झोपू देत नाही.

बाबांना सांग, लग्नात मला कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार. ते चालत नसेल, तर मी येणार नाही. आपल्या घरातल्या पुढच्या पिढीचं पहिलं लग्न, तूही माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. हे लिहिताना मला काय होत असेल, ते तू जाणशील.

आत्याची माया तुझ्या पाठीशी आहे.

सरिताआत्या

ऊर्जानगर
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सरितास,
जयभीम.

दिव्यानीनं तुझं पत्र मले जेवताना वाचून दाखवलं. मी तिले म्हटलं, पुरे कर. ती थांबली नाई. शेवटपर्यंत वाचलं आणि ताट उचलून आत गेली. वहिनीही माझ्याशी बोलेना.

काल रविवारी मी मोटारसायकलनं राजुऱ्याले गेलो. वर्धेच्या पुलावर गाडी उभी केली, परत फिरावं काय म्हणून. मंग गेलोच. अलोणे सरांना सगळं सांगितलं, की बहिणीनं घरून शिकून बी.ए. केलं, नागपूरचं मी रचलं, आणि ती माझी इज्जत राखायले खोटं बोलली.

सर म्हणाले, त्यांनी त्याच दिवशी ओळखलं होतं. बाईचा चेहरा उतरला म्हणून त्यांनी पुढं विचारलं नाई. मी म्हटलं, तुम्ही अशा पदवीले मानत नसाल. ते म्हणाले, सगळ्यांच्या नाई मानत. गाईड पाठ करून पास होणारे त्यांनी फार पाह्यले, कॉलेजातलेही आणि घरचेही. मंग त्यांनी साधं विचारलं, “विषय कोणते होते तिचे?”

सरिता, मले सांगता आलं नाई.

तू इतकी वर्षं शिकली. उन्हाळ्यात माझ्याच क्वार्टरमध्ये पुस्तकं घेऊन बसत होती, मी तिथूनच ड्युटीवर जात होतो. कधी एक पुस्तक उचलून पाह्यलं नाई. नागपूरचं कॉलेज मले पटकन सुचलं, आणि तुझा एक विषय माहीत नव्हता. खोटं कबूल करताना जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी तेव्हा वाटली.

दिव्यानीचं म्हणशील, तर आयुषच्या आईनं सांगितलं की आधी कॉलेज पाहू, नाई जमलं तर घरून. मोठेबाबा फक्त हूं म्हणाले. तेही कमी नाई.

तू येजो. कोणाले काय सांगायचं ते तूच सांगजो. पण त्याआधी मले कळव, तुझे विषय कोणते होते?

माफ कर म्हणायलेही तोंड नाई. तरी भाऊ म्हणून धरून राहा.

गुलाब

कोसमटोला
दि. ६ मार्च २०२५

ती. स्व. गुलाबभाऊ यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. तू पुलावर थांबलास आणि तरी गेलास, हे मी कितीदा तरी वाचलं. तू विचारलं नाहीस हे खरं, पण मीही सांगितलं नाही. पुस्तकं घेऊन तुझ्याकडे यायची आणि कोणी आलं की उशीखाली सारायची. इथे गावातही पेपरच्या दिवशी मीटिंग आहे म्हणून सांगून जायची. आपण दोघंही एकाच गोष्टीला लाजत होतो, भाऊ. तुला एकट्याला दोष कसा देऊ?

मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र. इतिहासात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. मराठीत एकदा नापास झाले होते, तेही सांगून ठेवते.

साडी जांभळी घ्या. मी हळदीच्या आधी येते. आणि या वर्षी एम.ए.ला नाव घातलं आहे, मराठीलाच. तेही घरूनच करणार. कोणी विचारलं तर तसंच सांगजो.

आपला जीव एकमेकांत असाच राहो.

तुझी,
सरिता