अनोळखी मिशीची बादली

मी, श्रीमती टिटिलोपे आवोयेमी, वय एकाहत्तर, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार बोडिजा, इबादान, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी मुलगी मोरेनिके हिला तो पुरेसा वाटत नाही.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मोरेनिकेला. अट कोणतीही नाही. घातली असती, तर तिने अटीला जुळणारी पर्सही घेतली असती.

दोन. शिवणयंत्र व कात्र्या शाळेला. मुख्याध्यापकांनी त्या कात्र्यांनी कागद कापू नये. एकदा कापला होता, मी विसरलेले नाही.

तीन. कापडाच्या सतरा पेट्या शिवणवर्गातल्या मुलींना. लग्न असो, बारसे असो, मयत असो, जिथून निरोप आला तिथले आसो-एबीचे, म्हणजे घरच्यांनी पाहुण्यांसाठी ठरवलेले, कापड मी विकत घेतले. सगळे एका रंगात, म्हणजे आपण त्यांच्यातले. लहानपणी मावशीच्या लग्नात आईने ते कापड घेतले नव्हते, म्हणून आम्हा दोघींना मागे, भाताच्या पातेल्यांजवळ बसवले. त्या जागेला भिऊन मी पन्नास वर्षे कापड घेत राहिले. पुढे पुढे तर निरोपाचीही वाट बघेना. आमच्या यजमानांना सांगायची, "अहो, हे जुनंच आहे." त्यांना ते कधी खरे वाटले नाही, हे मला ठाऊक होते.

चार. प्लास्टिकची बादली. माझी जिवाभावाची मैत्रीण आदुके वारली. तिच्या घरच्यांनी ठरवलेले वाइन रंगाचे लेसचे कापड नेसून, सोनेरी पट्टा डोक्याला बांधून मी अंत्यविधीच्या समारंभाला गेले. एका आवारात दोन सभागृहे होती. वाइन रंगाची माणसे दिसली तिकडे शिरले. त्यांनी पुढे बसवले, वाढले. मी रीतीप्रमाणे नाचले आणि रडलेही. निघताना सगळ्यांना देतात तशी मृताचा फोटो छापलेली बादली मिळाली. घरी येऊन पाहते तो आदुकेच्या जागी झुपकेदार मिशीचे अनोळखी गृहस्थ! दारात त्यांचा मोठा फलक होता म्हणे. मी कपडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आदुकेचे यजमान म्हणाले, "वहिनी, तुमची खुर्ची मी शेवटपर्यंत कोणाला बसू दिली नाही."

"दादा, कापड तर तेच होतं हो."

"कापडाचं काय घेऊन बसलात? आम्ही तुमचं तोंड शोधत होतो."

मला अजूनही लाज वाटते.

पाच. त्यानंतर बाजारात कापडवाली अल्हाजा ओरडायची, "अगं, हे बघ तरी! तुझ्यासाठीच बाजूला ठेवलंय."

"बघते, हातही लावते. घ्यायचं का ते आठ दिवसांनी सांगते."

"तोवर संपेल!"

"संपू दे."

पहिल्यांदा घरी येऊन रडले. तिसऱ्यांदा नुसती भूक लागली. सातव्यांदा आठ दिवसांनी कापडाचा रंगच आठवेना. मध्ये दोनदा घसरले. ती कापडे अठराव्या पेटीत आहेत. वर सतरा लिहिले ते खोटे.

सहा. मोरेनिके, तुझ्या गाडीच्या डिकीतल्या पिशव्या मी पाहिल्या. लेबलेसुद्धा काढलेली नाहीत. तू म्हणालीस, "आई, त्या मैत्रिणीच्या आहेत गं." मी तुझ्या वडिलांशी अगदी त्याच आवाजात बोलत असे. बाळा, मला तुझी फार काळजी वाटते. म्हणून बादली तुला. रोज तिच्यातच आंघोळीचे पाणी घे आणि मिशीवाल्यांना विचार, की आज मला कोण बोलावतेय, माणूस की कापड?

सात. माझ्या अंत्यविधीला आसो-एबी नको. पातेल्यांजवळ कोणालाही बसवू नये. पहिली खुर्ची मोरेनिकेची. पोरी, नवे काही घेऊ नकोस. घरातल्या जुन्या झग्यात ये. मी तुला ओळखेन.

इबादान, १४ मार्च २०१९
सही: टि. आवोयेमी

साक्षीदार:
१. बामिडेले ओगुनसोला, आदुकेचे यजमान.
२. अल्हाजा सिदिकात लावाल, कापडविक्रेत्या. सही करण्यापूर्वी यांनी दोनदा विचारले, "अगं, पण रंग कुठला?" दोन्ही वेळा मी सांगितले, "ज्याच्या अंगावर जो असेल तो."