दोन मुक्काम हात न लागलेलं सामान

माय, मी आता पिशव्या बनवते. म्हणजे पाठीवर टाकून डोंगर चढायच्या सॅक, आणि तंबू. पुण्यातल्या एका कंपनीत माझं हेच काम आहे. नवी सॅक शिवून झाली की मी ती पाठीवर घेऊन चार दिवस रानात राहते आणि परत येऊन सांगते, कुठला पट्टा खांद्याला काचला, कुठली शिवण उसवली, काय काय काढून टाकता येईल. तुला हे कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "ओझं वाहायला पगार देतेत व्हय गं?" देतात माय. आणि सुट्टी मिळाली की मी हौसेनं पुन्हा तेच करायला जाते, हे ऐकून तर तू मला धरून पोखर्णीच्या नरसिंहापुढं बसवलं असतंस, पोरीला काय लागलं ते बघा म्हणून.

आमच्या लोकांना सध्या कमीत कमी सामानानिशी चालायचं वेड आहे. पोरं दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापतात आणि तो कापलेला तुकडा एकमेकांना कौतुकानं दाखवतात. मीही त्यातलीच. नव्यानं कामाला लागलेल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, दोन मुक्काम जिला हात लागला नाही ती वस्तू आपली नाही. त्यांना वाटतं हे मी कुणा परदेशी गिर्यारोहकाकडून शिकले. मी वाटू देते.

मुक्काम हलवायची सकाळ मला अजून लख्ख दिसते. बा मेंढरं घेऊन पुढं निघालाय, कुत्री त्याच्या मागं, आणि तू घोंगडी अंथरून सगळा संसार तिच्यावर ओतलायस. एकेक वस्तू उचलतेस, हातात जोखतेस. "हे कवा वापरलं?" मी आठवू लागते. "मंग कशाला पायजे?" ज्याच्या शेतात मेंढरं बसवली असतील त्याच्या बायकोला ती वस्तू देऊन तू मोकळी. माझी बांगड्यांची डबी अशीच झरी गावात एका घरी गेली. त्याचा राग अजून आहे हं माझ्या मनात, उगीच कशाला लपवू? मी भोकाड पसरलं तेव्हा तू म्हणालीस, "रडू नगं. घोड्याला इचार, त्येच्या पाठीला काय वाटतं ते." त्या घोड्यावर पालाचं कापड, पीठमीठ, भांडी, जाळीत घातलेली दोन-चार कोकरं, आणि सगळ्यांच्या वर मी. माझं वजन मात्र तू कधी जोखलं नाहीस.

तुझ्या नियमानं एकदा आपलीच फजिती केली, आठवतं? दोन मुक्काम थेंब पडला नाही म्हणून तू छत्री देऊन टाकलीस, आणि तिसऱ्या मुक्कामाला, मोकळ्या रानात, गारा. बोराएवढ्या गारा! तू, मी आणि कोकरं एका घोंगडीखाली, बा बाहेर डोक्यावर पातेलं धरून उभा. टण् टण् आवाज यायचा आणि तो तिथूनच चडफडायचा. "छत्री लय जड झाली व्हती का गं तुला?" तुला हसू आवरेना. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या कंपनीत तुझा नियम जसाच्या तसा चालतो, फक्त पावसाचं सामान त्यातून वगळलंय.

पुढच्या दिवाळीनंतर घोडं मेलं. पोट फुगलं आणि दोन दिवसांत गेलं. दुसरं लगेच घेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून घोड्यावरचं ओझं तुम्हा दोघांच्या डोक्यावर आलं आणि मला मानवत गावात मावशीकडे ठेवलं. शाळेत नाव घातलं. तू एवढंच म्हणालीस, "ऱ्हा हितं, चार अक्षरं शीक." मी मागं लागू नये म्हणून तू वळून न बघता गेलीस, आणि मला वाटलं, घोंगडीवरच्या सामानातून या खेपेला मीच निघाले.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा सगळीकडं तापलं. एसट्या बंद, शाळा बंद, बाजार बंद. तुमच्या पालापर्यंत नाही नाही त्या अफवा पोचल्या असणार. एका दुपारी मी मावशीच्या दारात बसलेय आणि समोरून तू येतेयस, एकटी, झरीच्या अलीकडून पायी चालत, आणि डोक्यावर हे एवढं टरबूज. दुधना नदीच्या वाळूतलं, हंगामातलं पहिलंच. जादाचा चमचा बरोबर न घेणारी बाई! मावशी हसतच सुटली. "आगं, टरबुजं काय मानवतात मिळत न्हाईत?" तू म्हणालीस, "बाजार बंद हाय ना, म्हून आणलं." मग मला जवळ ओढून डोक्यापासून पायापर्यंत चाचपलंस, कोकरू चाचपावं तसं. त्या दिवशी मी पोट दुखेपर्यंत टरबूज खाल्लं. मला टाकून दिलेलं नाही, एवढं कळायला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तू निघालीस. मी दारापर्यंत आले. तू एकाएकी म्हणालीस, "येतीस का? चल. शाळेचं बगू पुढं." माझा जीव नुसता हरखला. आत जाऊन परकर-पोलकं गुंडाळायचं, बास. पण तू मला बघायला वळलीस ती नुसती मान वळवून नाही, कमरेपासून सगळीच वळलीस. ओझं वाहून वाहून तुझी मान धरली होती. रात्रभर तू एका कुशीवर होतीस ते मी पाहिलं होतं. मी आले असते तर माझं अंथरूण, माझं खाणं, दमले की मी, सगळं त्याच मानेवर.

"न्हाई," मी म्हणाले. "मला शाळा आवडायलीय."

"लय आवडायलीय?"

"लय."

"बरं," म्हणालीस, आणि चुंबळ झटकून चालू लागलीस.

लोक मला विचारतात, धनगराच्या पालातून इथवर कशा आलात? मी सांगते, आईला मला शिकवायचं होतं. ते खोटंही नाही. मी कॉलेजात असताना तू गेलीस. तोवर कितीदा भेटलो आपण, किती भांडलो, पण त्या सकाळचा विषय मी कधी काढला नाही. आता लिहिलंय, पण तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी माझ्या तोंडून हे निघालं नसतं, दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवायला लागलं असतं, आणि तुझ्या-माझ्यातली ही गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर पडलेली मला चालली नसती.

शाळा मला पुढं आवडली, माय. पण त्या सकाळी आवडत नव्हती. त्या सकाळी मला तुझ्यासंगं यायचं होतं. लय यायचं होतं.