चार बसपुढचा एक माणूस

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
नवीन वर्षाचा संकल्प, चार दिवस उशिरा. पण पक्का. यापुढे मी शंभुलिंग फ्लेक्सवाला नाही. स्ट्रीट आर्टिस्ट. सतरा वर्षं वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स छापून बेंबळीतल्या प्रत्येक चेहऱ्याला मी उजळ केलं. पुरे झालं.
प्रेरणा: मोबाइलवर आलेला एक जुना फोटो. चीनमधला. रणगाड्यांची रांग आणि त्यांच्यापुढे एकटा माणूस, हातात पिशव्या. हलायला तयार नाही. पुढे कुणा भिंतचित्रकाराने या फोटोतल्या माणसाच्या हाती सेलची पाटी देऊन बाजारूपणाची चेष्टा केली आणि ते प्रिंट जगभर गाजलं. चित्रकाराचं खरं नाव मात्र कुणालाच माहीत नाही. मला अगदी हेच हवंय. नाव कळू न देता प्रसिद्ध व्हायचं.

६ जानेवारी.
माझा विषय: एक माणूस विरुद्ध यंत्रणा. दोन दिवस रणगाडा काढून बघितला. कासव होतंय. रणगाडा येत नाही असं नाही. पण शाळेच्या रस्ता सुरक्षा सप्ताहासाठी कापलेलं एसटीच्या लाल बसचं स्टेन्सिल पडून होतं. म्हणून चार बस, एका रांगेत. बस जास्त आपली वाटते. माणसाच्या एका हातात दोन पिशव्या, दुसरा हात वर. विद्रोह म्हणून.
बायकोला, म्हणजे गायत्रीला, दाखवलं. म्हणाली, ब्येस हाय, पन पिशव्या रिकाम्या का? घरात कलेची जाण शून्य.

८ जानेवारी. पहाटे ५.
झालं! धाराशिव रोडच्या वळणावरची बंद डेअरीची भिंत. कुणीही बघितलं नाही. वळणावरच्या वस्तीतली नागूबाई तेवढी डोक्यावर बोचकं घेऊन चालली होती. म्हणाली, शंभू, एवढ्या थंडीचं काय रंगवतुयास? पण ती मोजायची नाही.
एकच चूक. हाताच्या सवयीने चित्राखाली 'शंभू आर्ट्स' आणि मोबाइल नंबर मारला गेला. नाव खरवडलं. नंबर निघेना, ऑइलपेंट चांगल्या कंपनीचा आहे. पण नुसत्या नंबरवरून कोण ओळखणार?

११ जानेवारी.
लोक थांबतायत! सकाळी चार, संध्याकाळी नऊ. अर्धा अर्धा तास उभे. चेहरे गंभीर. सगळे चित्राकडे पाठ करून रस्त्याकडे बघतात. कलेचा परिणाम असा थेट होत नसतो, आतून होतो.
संकल्प: महिनाभर गप्प. कोण हा चित्रकार म्हणून गाव हैराण झालं की मगच प्रकट व्हायचं.

१३ जानेवारी.
पहिला फोन! एक बाई. म्हणाल्या, ओ, धाराशिवची गाडी कवा हाय? मी विचारलं, चित्राबद्दल काही? म्हणाल्या, व्हय, चित्रातलीच. गाडी कधी येणार! म्हणजेच बदल कधी येणार. दिवसभर या प्रश्नावर विचार केला. फ्लेक्सवर 'चिरंजीव'च्या जागी 'स्वर्गीय' छापलं गेलं.

१६ जानेवारी.
वाईट दिवस. डेअरीसमोरच्या टपरीवाल्या नंदीशने सगळं सांगितलं. लोक चित्र बघत नाहीत. बसची वाट बघतात. वळणावरच्या वस्तीला आजवर गाडी धरायला दीड किलोमीटर चालत स्टँडवर जावं लागायचं. आता भिंतीवर हात वर केलेला माणूस, हातात पिशव्या, समोर बस. लोकांना वाटलं, थांबा मंजूर झाला. ड्रायव्हरलाही तेच वाटलं. नागूबाईने चित्रातल्यासारखा हात केला आणि सकाळची गाडी कच्चकन थांबली.
एका माणसाने यंत्रणा अडवली, हे मात्र मान्य करावं लागेल. म्हणजे चित्र यशस्वीच.

१९ जानेवारी.
गैरसमज दूर करण्यासाठी त्याच चित्राचे पंचवीस प्रिंट काढले. मर्यादित आवृत्ती, प्रत्येकावर क्रमांक, खाली ठळक अक्षरांत 'हा थांबा नाही'. फुकट वाटले.
सद्यस्थिती: क्रमांक ४ नंदीशच्या टपरीला ऊन लागू नये म्हणून. क्रमांक ९ कडब्यावर. क्रमांक ११ ते १५ वळणावर अंथरलेत. त्यावर बसून लोक गाडीची वाट बघतात.

२४ जानेवारी.
आज फोन बावीस. सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्यात. यापुढे सांगायच्या नाहीत असं सकाळीच ठरवलं होतं. पण वस्तीवरच्या श्रीदेवीताईंना दवाखान्यात जायचं होतं, नाही कसं म्हणणार? सव्वानऊची मिळाली म्हणून त्यांनी परत फोन केला. फार बरं वाटलं. उद्यापासून नक्की बंद.

३० जानेवारी.
अपमान असह्य. भिंत पांढरी करायला चुन्याची बादली घेऊन गेलो. वळणावर चौदा जण. नागूबाई उठून आडवी आली. म्हणाली, हात लावून तर बग! म्या काय ह्या वयात बोचकं घिऊन स्टँडपतुर चालू व्हय? बादली काढून घेतली आणि कडेच्या दगडांना चुना मारायला लावला, अंधुक उजेडात ड्रायव्हरला दिसावं म्हणून. दगड मीच रंगवले. कालवलेला चुना वाया गेला असता.

८ फेब्रुवारी.
महिना पूर्ण. प्रकट होण्याचा दिवस. इस्त्रीचा कुर्ता घातला. वळणावर उभा राहून मोठ्याने सांगितलं की हे चित्र माझं आहे. मग धनाजी, माझा वर्गमित्र, म्हणाला, ठावं हाय की. खाली नंबर न्हाय का तुजा? पावणेबाराची किती लेट हाय ते सांग.
दहा मिनिटं लेट होती. सांगितलं.

१७ फेब्रुवारी.
थांबा अधिकृत झाला! येत्या रविवारी सत्कार. शाल, फेटा, हार. ऐकून डोळे भरून आले. गायत्रीला म्हटलं, बघ, शेवटी कदर झाली.
दुपारी कळलं, सत्कार बंडप्पांचा आहे. बंडप्पा गावातले पुढारी. माझ्या चित्राचा फोटो जोडून त्यांनी डेपोत अर्ज दिला होता. धनाजीला विचारलं, मग माझं काय? म्हणाला, रंगवलंस तू, न्हाय कोन म्हनतंय? पन मंजुरी कुनी आनली?
जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, भात घेतला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.
सत्काराच्या फ्लेक्सची ऑर्डर अर्थात मलाच. वीस बाय दहा. चार बस माझ्याच. माणसाच्या जागी बंडप्पा, हात वर. खाली 'थांब्याचे शिल्पकार'. त्याखाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी, एक्केचाळीस चेहरे. एक चौकट रिकामी उरत होती, तिथं मी माझा फोटो टाकला.
फ्लेक्स भिंतीवर लागला. बरोबर चित्रावर. बंडप्पांनी भाषणात चित्रकाराचे आभार मानायचं ठरवलं होतं म्हणे, पण मधेच सव्वाचारची आली आणि निम्मी सभा गाडीत चढली.
गायत्री म्हणाली, तुमी कुठं दिसंना. दिसतो. खालची ओळ, उजवीकडून पहिला. फक्त धनाजीने खिळा माझ्या कपाळातून ठोकलाय. त्याला म्हटलं तर म्हणाला, कोपऱ्यात खिळा लागतोच.