मधलं नाव

बाबा, आज बँकेत काउंटरवरच्या एका मुलीनं मला तुमचं नाव विचारलं. संगणकाकडे बघतच ती म्हणाली, "मैडम, पिता का नाम?" आणि मी गप्पच राहिले. विसरले नव्हते, पण तुमचं नाव तोंडानं घ्यायची सवयच उरली नव्हती. आई होती तोवर तीही तुम्हाला नावानं हाक मारत नसे, आणि आई गेल्यावर तर घरात हाका मारायला कुणी राहिलंच नाही. त्या मुलीला वाटलं असेल, बाईंना कमी ऐकू येतं. तिनं पुन्हा जरा मोठ्यानं विचारलं. मग मी सांगितलं. तिनं ते टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये तुम्ही येऊन बसला होतात.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी मी बऱ्हाणपुरात, स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं. वरचा मजला, मागे छोटीशी गच्ची, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. कर्ज काढूनच घेतलं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते हे तुम्हाला माहीतच आहे. तिथला पगार हातात येतो न येतो तोच पाच तारखेला बँक आपला हप्ता कापून घेते, आणि उरेल त्यात मी भागवते. बारा वर्षं एकही हप्ता चुकला नाही. मग आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, दारावरची पाटी बदलली, आणि काही दिवसांनी फोनवर मेसेज यायला लागले की हप्ता थकला आहे. हल्ली असले फसवे मेसेज इतके येतात की मी ते वाचायचे आणि पुसून टाकायचे. खात्यातून पैसे तर दर महिन्याला जात होते. मग घाबरायचं कशाला?

सात महिन्यांनी वसुलीचा माणूस आला. मी लॅबमध्ये होते. त्यानं खालच्या मजल्यावर विचारलं, समोरच्या किराणावाल्याला विचारलं, "वो खून लेने वाली मैडम यहीं रहती हैं ना? सात किस्तें बाकी हैं उनकी." संध्याकाळी मी कोथिंबीर घ्यायला थांबले तर किराणावाला माझ्याकडे न बघता सुटे पैसे मोजत बसला. दारात नोटीस सरकवलेली होती. पंधरा दिवसांत पूर्ण थकबाकी भरा, नाहीतर घरावर कारवाई होईल. बाबा, हे घर गेलं तर मला जायला दुसरं घर नाही. ते वाक्य मी उभ्यानंच तीनदा वाचलं, मग चहा टाकला, आणि दूध घालायला विसरले.

बँकेत चार खेटे घातले. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. मॅनेजर तरुण आहे, वाईट नाही, पण त्याचा पडद्यावर जेवढा विश्वास तेवढा माणसावर नाही. मी पासबुक पुढे केलं, एकेका महिन्यावर बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "कटे तो हैं मैडम, पर लोन में आए नहीं." मी विचारलं, मग गेले कुठे? "वो तो देखना पड़ेगा." आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं मी मराठीत म्हणाले, त्याला कळलं नाही ते बरंच झालं. पण मला खरं टोचलं ते वेगळंच. दर वेळी खुर्चीवर बसले की तो माझ्या खांद्यामागे बघायचा आणि विचारायचा, "साथ में कोई आया है?" कुणीच आलेलं नसायचं. बाकीच्या बायकांबरोबर कुणी भाऊ असतो, कुणाचा नवरा बाहेर मोटरसायकलवर बसलेला असतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी असायची.

तेव्हा तुमची आठवण आली. प्रेमानं आली असं म्हणणार नाही. तुम्ही असता तर त्या मॅनेजरला आधी कागद नीट धरायला शिकवलं असतंत. कागद कारखान्याच्या फिनिशिंग विभागात तुमचं आयुष्य गेलं. मोठमोठी रिळं कापून झाली की ताव तपासायचं तुमचं काम. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा तुम्ही आधी अंगठ्यानं चोळायचात, उजेडात धरायचात, मग लग्न कुणाचं ते वाचायचात. जूनमध्ये कडा फाटलेले ताव रीतसर परवानगीची चिठ्ठी करून घरी आणायचात. मला अजून दिसतंय: स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात, आईची गोधडीची सुई तुमच्या हातात आहे, आई स्टोव्हवर कणकेची खळ शिजवते आहे आणि म्हणते आहे, "पोळ्यांना कणीक उरू द्या." वह्या शिवून झाल्या की पहिल्या पानावर तुम्ही नाव घालता. माझं, मग तुमचं, मग आडनाव.

सातवीत मी एका वहीवर स्वतःच नाव घातलं, फक्त माझं आणि आडनाव. वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या मुली तसंच लिहायच्या, आणि माझं तीन डब्यांचं नाव ऐकून हसायच्या. तुम्ही वही बघितलीत आणि भिंतीवर आपटलीत. "मधलं नाव गाळायचं नाही! मधल्या नावावाचून माणूस दुसऱ्याच्या घरी जातो." मी रडत होते, तुम्ही न जेवता पाळीवर गेलात. मग आईनं सांगितलं. तुम्ही कारखान्याच्या कॉलनीत नवे होतात, तेव्हा गावाहून तार आली होती, तुमची आई गेल्याची. खानदेशातून आलेली इतकी माणसं त्या कॉलनीत, की तुमच्याच नावाआडनावाचा आणखी एक जण मागच्या ओळीत राहत होता. तारेत वडिलांचं नाव नव्हतं. ती त्याच्या घरी गेली, आणि तो सुट्टीवर. कुलूपबंद दाराच्या आत ती तार पाच दिवस पडून होती. तुम्ही गावी पोचलात तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. मीही कधी विचारलं नाही. पण लॅबमध्ये मी काय करते माहीत आहे? रक्ताच्या प्रत्येक नळीवर बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव घातल्याशिवाय नळी पुढे जाऊ देत नाही. पोरी मला वैतागतात.

आणि माझे हप्ते गेले ते तसेच, दुसऱ्याच्या घरी. पाचव्या खेपेला मॅनेजरनंच मला फोन करून बोलावलं. धूलकोटला एक बाई आहे, नाव माझंच, आडनाव माझंच, तिनंही घर बांधायला त्याच बँकेतून कर्ज घेतलेलं. जुन्या संगणकातून नव्यात खाती नेताना यांनी खातेक्रमांक न बघता नावावर नाव बसवलं. तिच्या नावात मध्ये नवरा होता, माझ्यात मध्ये काहीच नव्हतं. म्हणून माझे पैसे सात महिने तिच्या कर्जात पडत राहिले. "बीच का नाम आपका खाली था, मैडम," तो म्हणाला. मी ठणकावून सांगितलं, तुमच्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती. तो वरमला. "हो सकता है, पुराने फॉर्म थे. गलती तो हमारी ही है."

पैसे परत फिरवायला तिची सही हवी होती म्हणून आज आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. मी मनात भांडण तयार करूनच गेले होते. सात महिने आपला हप्ता आपण न भरता भरला जातोय, हे बाईला कळत नाही? ती एकटीच आली होती, धुतलेली सुती साडी, हातात पिशवी. नवऱ्याची पिठाची गिरणी आहे म्हणाली. मी काही बोलायच्या आधीच माझा हात धरला. "ताई, कसम से, मले नव्हतं मालूम. मले वाटलं यायनंच भरले." नवऱ्याबद्दल बोलत होती. त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. एका घरात राहून नुसतं ताट वाढायचं आणि उचलायचं. थकत चाललेला हप्ता भरला गेल्याचं तिला कळलं तेव्हा तिला वाटलं, नवराच मुकाट्यानं भरतोय. आणि त्याला वाटलं, बायको बचतगटातून भरते. कुणी कुणाला विचारलं नाही. "पण ताई, मी त्यायच्या आवडीचं भरीत करू लागली. ते बी सांजच्याला लवकर घरी येऊ लागले. सात महिने मले वाटत होतं, यायले माही फिकीर आहे." मग तिनं सही केली, हळूहळू, नवऱ्याचं नाव मध्ये घालून. माझं भांडण कुठे गेलं कोण जाणे. मी म्हणाले, घरी जाऊन सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, "सांगावं तर लागंन. हप्ता त भरनाच पडंन ना."

तिला बसमध्ये बसवून दिलं. माझं घर वाचलं, बाबा. बँकेनं दिलगिरीचं पत्र दिलंय, किराणावाल्याला दाखवीन म्हणते. पण घरी आल्यावर आनंद सांगायला कुणी नव्हतं, आणि कितीतरी दिवसांनी मला त्याचं रडू आलं.

म्हणून कपाट उघडलं आणि ही वही काढली. मी नवऱ्याचं घर सोडून आले त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "ये आत. पण कॉलनीत कुणाला सांगू नकोस." बॅग अजून माझ्या हातातच होती. ते वाक्य मी तुम्हाला माफ केलं नाही. आठवड्यानं ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी ही वही ठेवलेली होती. तुम्ही निवृत्त झालेले, बोटं वाकडी झालेली, शिवण कुठे सैल कुठे घट्ट. पहिल्या पानावर माझं नाव, मग तुमचं, मग आडनाव, जसं लग्नाआधी होतं तसं. मी ती उचलून बॅगेच्या तळाशी टाकली. तुम्ही दोन वर्षं होतात त्यानंतर. कधी विचारलं नाहीत, वही आवडली का म्हणून. आपण दोघंही त्या धूलकोटच्या घरासारखेच.

आज पहिल्यांदा या वहीत लिहिते आहे. हे पान फाडून कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. एक पान फाडलं की शिवणीतलं त्याच्या जोडीचं पानही सुटतं, हे तुम्हीच शिकवलंत. वही परत कपाटात जाईल, फक्त आता वरच्या खणात.

एक राहिलं. कर्जाच्या त्या जुन्या फॉर्ममध्ये मधल्या नावाला जागा होती, बाबा. तीन चौकटी होत्या. पहिली भरली, तिसरी भरली, आणि मधल्या चौकटीवर पेन धरून मी बराच वेळ बसले होते. मग तसाच देऊन टाकला. मॅनेजरला हे मी सांगितलेलं नाही.