शिवणीतली माया

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझं दुकान बरं चाललंय. सध्या एका नवरीचा पायघोळ झगा हातात आहे. तिची आई येऊन कंबर एक बोट आत घ्यायला सांगते, नवरी येऊन एक बोट बाहेर. मी दोघींना हो म्हणते आणि शिवणीला हातही लावत नाही.

त्या दिवशी फोनवर मांड्यांची सैल कातडी कापून घ्यायची म्हणते, एवढंच मी बोलले, तर तू म्हणालीस, "या वयात मांड्या कुणाला दाखवायच्यात गं तुला?" मी हसले आणि फोन ठेवला. नंतर तुझे फोन घेतले नाहीत. कामात होते असं नाही, राग आला होता. कुणाला दाखवायच्या नाहीत, ताई. मला त्या घेऊन चालायचंय.

माझं वजन निम्म्यावर आलं तेव्हा तू सगळ्या गल्लीला सांगत सुटली होतीस. पण चरबी गेली आणि कातडी तिथेच लोंबत राहिली. मांडीला मांडी घासते. मशीनवर बसलं की आग आग होते, उन्हाळ्यात सालं निघतात, कधी रक्तही येतं. हे तुला सांगितलं नव्हतं. तू इतकी खूश होतीस, तुझ्या आनंदावर विरजण घालायचा धीर होईना.

शेवटी प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाताना काय शहाणपणा केला ऐक. आरशासमोर उभी राहिले, कातडी चिमटीत धरली आणि दुकानातल्या खडूने कुठून कुठे कापायचं ते स्वतःच आखून गेले! बाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "आता बसा बघू." बसले, तर चिमटीत काही येईचना.

"एवढं कापलं तर बसताना टाके उसवतील. थोडं सोडावंच लागतं."

मी खजील झाले. म्हटलं, "आमच्यात शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. मी ती ठेवलीच नाही बघा."

"मग मी ठेवीन," बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, जांघेच्या घडीत छेद. व्रण लपतो, पण फक्त मांडीच्या वरच्या भागातली कातडी आवळली जाते. दुसरा, जांघेपासून गुडघ्यापर्यंत आतल्या बाजूने, अगदी पँटच्या आतल्या शिवणीसारखा. माझं घासणं त्यानेच थांबेल. व्रण मात्र जन्माचा. आधी लाल, वर्षभरात फिकट, कदाचित रुंदही होईल. नुसती चरबी ओढून काढतात तेही विचारलं, पण ओढायला चरबी उरलीय कुठे! मी लांब शिवण निवडली. आयुष्यभर लोकांच्या शिवणी लपवल्या, माझी दिसली तर दिसू दे.

येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. शेजारीण सोबतीला येणार आहे, काळजी करू नकोस, असं लिहायचं ठरवून बसले होते. ती येणार नाही. मी तिला विचारलंच नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला उठवायला, सूज येऊ नये म्हणून देतात ती घट्ट विजार चढवायला, संडासला न्यायला माणूस लागतं. तिथे परका हात नको वाटतो. तू तर मला न्हाऊमाखू घातलेलं आहेस.

आणि भुलीची भीती वाटते गं. डोळे उघडताना कुणी "ए ढब्बू" म्हणून हाक मारली, तरच मला जागी झाल्याची खात्री पटेल.

भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, मी पडल्या पडल्या उत्तरं देईन. टाके बाई घालतील. माया ठेवायला तू ये.

तुझीच,
ढब्बू
(आता नावापुरतीच उरलेली)