अकरावं काम

निजामपुरा, बडोदे
६ जानेवारी २०२५

ती. वसुंधराआत्यास,
सा. न. वि. वि.

कानाचं मशीन पुन्हा डब्यात गेलंय ना? तू कबूल करणार नाहीस, पण परवा फोनवर मी म्हटलं की स्वयंपाकाच्या बाई काम सोडून गेल्या, तर तू म्हणालीस, छान झालं. तेव्हा आता पत्रच बरं.

सारखी कॉम्प्युटरपुढे बसून करतेस तरी काय, असं तू विचारलं होतंस. आमची संस्था खेळाडूंच्या फिजिओथेरपिस्टांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढतेय आणि तो उभा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. यात लेखी पेपर नाही, मार्क नाहीत. चौदा कामांची यादी आहे. घोटा मुरगळला तर पट्टी कशी बांधायची, उन्हाने कोसळलेल्याला गार कसं करायचं, असं सगळं. शिकणाऱ्याने काम करून दाखवायचं, व्हिडिओ पाठवायचा, आणि मी बघून शेरा द्यायचा: 'जमतं' किंवा 'अजून नाही'. चौदाही जमली की माझ्या सहीचं प्रमाणपत्र. भुजपासून वापीपर्यंत बेचाळीस जण आहेत. मकरपुऱ्याचा एक धवल सोडला तर मी एकालाही समोरासमोर पाहिलेलं नाही.

त्या सहीने माझी झोप उडवलीय, आत्या. त्यातही अकरावं काम. डोक्याला मार लागलेला खेळाडू मैदानात परत पाठवायचा की नाही, हे ठरवणं. पाच शब्द सांगून ते परत म्हणून घ्यायचे, कोणता डाव चाललाय, शेवटचा गडी कुणी बाद केला, असे प्रश्न विचारायचे, सरळ रेषेत चालायला लावायचं. जरा शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. ऐकायला सोपं. पण उद्या मी 'जमतं' म्हटलेल्या एखाद्याने कुणाच्या तरी मुलीला तसंच खेळायला पाठवलं आणि तिच्या मेंदूला इजा झाली तर? शरच्चंद्रसर, म्हणजे आमचे संचालक, म्हणतात की व्हिडिओ आहे ना, हातच्या कांकणाला आरसा कशाला. त्यांना एक फेब्रुवारीला समारंभ करायचाय, पाहुणेसुद्धा ठरलेत.

नमुन्याच्या व्हिडिओंत पेशंट म्हणून ओवीला बसवलं. पंधराव्या वर्षी काय नाटकी झालीय म्हणून सांगू! कण्हते काय, लंगडते काय. अकराव्या कामाचं चित्रीकरण नऊदा करावं लागलं, आता ते पाच शब्द ती आंघोळीला जातानासुद्धा म्हणते. तिची खो-खोची निवड-स्पर्धा एकोणीस तारखेला आहे. राज्याच्या संघात नाव आलं तर घर डोक्यावर घेईल, नाही आलं तरी घेईल.

हा धवल मात्र मला रडवणार. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी करतो आणि पाळी संपली की व्हिडिओ करतो. प्रश्नांचा क्रम विसरतो, मध्येच थांबून पेशंटकडे बघत बसतो, कॅमेऱ्याकडे पाठ करतो. अकराव्या कामाला दोनदा 'अजून नाही' दिलंय. गरीब स्वभावाचा आहे, हो बेन म्हणतो आणि पुन्हा तेच करतो.

आशय रेल्वेच्या कामाने रतलामला आहे, महिनाअखेरीला येईल. तोवर घरात आम्ही दोघी मायलेकी आणि उत्तरायणासाठी आणलेली मांज्याची फिरकी. तुझा आशीर्वाद पाठीशी असला की सही करताना हात कमी कापेल.

तुझी,
मोहना


सांगली
१२ जानेवारी २०२५

चि. मोहनास,
अ. उ. आ.

मशीन डब्यात नाही, कपाटात आहे. कानात घातलं की शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येतो आणि माणसांचं बोलणं नाही, तर घालू कशाला? सोबत तिळगूळ पाठवतेय. बडोद्याची चिक्की खाऊन तुम्हा लोकांच्या जिभा गोड झाल्यात असं ऐकते, पण रीत ती रीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लहानपणापासून अशीच. परीक्षेआधी धास्ती, निकालानंतरही धास्ती. तरी या वेळी तुझी भीती मला खोटी वाटत नाही. तीस वर्षं नर्सिंगच्या मुली शिकवल्या, त्यातली एक गोष्ट सांगते. इंजेक्शनचा सराव मुली एकमेकींवर करायच्या. टोचून घेणारी आपणहून बाही वर करायची, दंड सैल सोडायची, तोंडातून हूं नाही की चूं नाही. सगळ्या पास! वॉर्डात पहिल्याच दिवशी समोर आला एक पैलवान. सुई बघितली आणि गडी कॉटवरून उडी मारून थेट जिन्यात. मुलगी ट्रे घेऊन उभी, तिला रडू आवरेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिची परीक्षा झालीच नव्हती. तिला पास केलं होतं पेशंट झालेल्या मैत्रिणीने.

म्हणून विचारते, तुझ्या त्या बेचाळीस जणांच्या व्हिडिओत पेशंट कोण असतं गं? आणि खरा पेशंट कधी खरं बोलतो का? ज्याला घरी जायचंय तो दुखत नाही म्हणतो, ज्याला रजा हवीय तो दुखतं म्हणतो. खेळाडूला काय हवं असतं ते तू मला सांग, मी आपली म्हातारी.

ओवीला म्हणावं, खांबाशी जपून. आणि त्या धवलला फार रागावू नकोस. पेशंटकडे बघत बसणारे मला आवडतात.

तुझी काळजी कमी करता येत नाही, निम्मी इकडे पाठवून दे.

आत्या


निजामपुरा, बडोदे
२२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: ओवी घरी आहे, मेंदूत रक्तस्राव नाही, डॉक्टर म्हणाले विश्रांतीने बरी होईल. आता बाकीचं सांगते. फोनवर हे ओरडून सांगायची माझी हिंमत नव्हती.

तुझं पत्र आणि तिळगूळ शनिवारी पोचला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी. पैलवानाची गोष्ट वाचून आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मी पत्र फ्रीजवर ठेवलं आणि ओवीचे बूट पुसायला बसले. इतकीच माझी अक्कल.

रविवारी ती फार सुंदर खेळली. शेवटच्या डावात खांबावरून झेप घ्यायला गेली आणि कपाळ खांबावर आपटलं. तो आवाज मला मंडपात ऐकू आला. मी पोचेपर्यंत ती उठून हसत होती. सरावाचे तास भरायला म्हणून धवल तिथे मदतनीस होता, तो आधीच तिच्याजवळ बसलेला. मी त्याला बाजूला केलं आणि स्वतः प्रश्न विचारले. पाच शब्द, डाव, गडी, सगळं. आत्या, तिने एकही उत्तर चुकवलं नाही. पट्पट् दिली. मी प्रश्न पुरा करायच्या आत देत होती, आणि मला त्याचा अभिमान वाटला! मी पंचांना सांगितलं की मुलगी ठीक आहे.

धवल म्हणाला, ना बेन. मी कारण विचारलं तर त्याला नीट सांगता येईना. म्हणाला, तिने बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली, दोनदा. मी सगळ्यांसमोर त्याला बोलले की ज्याला हे काम दोनदा जमलेलं नाही त्याने मला शिकवू नये. जीभ झडायला हवी होती माझी. तो लाल झाला, पण हलला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि यादीत नसलेला एक प्रश्न त्याने विचारला, गुजरातीत, की सकाळी काय खाऊन आलीस.

ओवी माझ्याकडे बघायला लागली. उत्तर माझ्या तोंडावर लिहिलेलं असेल तसं. सकाळी मी स्वतः तिला उपमा भरवला होता, ती केस बांधत होती म्हणून. तिला ते आठवत नव्हतं. आणि ते पाच शब्द तिला माझ्यामुळे पाठ होते, नऊ वेळा चित्रीकरण करून मीच पाठ करून घेतले होते. मी तिची तपासणी केलीच नाही, आत्या. मी तिची उजळणी घेतली.

दवाखान्यात नेताना रिक्षात तिला दोनदा उलटी झाली. तेव्हापासून पडदे ओढून ती पडून आहे, मोबाइल बंद, पुस्तक बंद. आणि दुसऱ्या दिवशी निवडीची यादी लागली, तिचं नाव चौथं. वीस फेब्रुवारीपासून शिबिर. ती म्हणते डोकं मुळीच दुखत नाही. सकाळी विचारलं तरी नाही, संध्याकाळी विचारलं तरी नाही. मला हायसं वाटतं, आणि लगेच हायसं वाटल्याची भीती वाटते.

एक तारखेला मी काय करू? बेचाळीस सह्या करायच्यात. जिला स्वतःच्या मुलीचं कळलं नाही, ती दुसऱ्याला जमतं की नाही हे कशाच्या जोरावर ठरवणार? शरच्चंद्रसरांना अजून काही बोलले नाही. आशय आज रात्रीच्या गाडीने निघतोय. तू लवकर लिही, रागावून लिहिलंस तरी चालेल.

मोहना


सांगली
२८ जानेवारी २०२५

चि. मोहनास,
अ. आ.

रागावलेच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण रडत बसायला मी तुला वेळ देणार नाही.

पहिलं, त्या मुलाकडे जा. फोन नको, निरोप नको, त्याच्या दारात जा आणि ज्या आवाजात त्याला चारचौघांत बोललीस त्याच आवाजात माफी माग. दुसरं, अकराव्या कामावर एकाचीही सही करू नकोस. तुझे सर पाय आपटतील. आपटू देत, पाहुण्यांना दुसरी तारीख देता येते. तिसरं, त्या बेचाळीस जणांसमोर असा पेशंट बसव ज्याला काहीही करून खेळायचंय. खोटं बोलणारा पेशंट आण, मग बघ कुणाला जमतं.

कशाच्या जोरावर ठरवणार, असं विचारतेस. जिची कधी चूक झाली नाही अशी मास्तरीण मला एक दाखव. माझी झाली होती, आणि त्या पेशंटची आई मला पुढे कधीच भेटली नाही. तुझी पेशंट तरी तुझ्याच घरात झोपलीय.

ओवीची मला काळजी वाटते. तू रोज तिला नक्की कसं विचारतेस, ते एकदा स्वतःशी ऐक.

देवापाशी बसले की तिचंच नाव घेते.

आत्या


बडोदा
१३ फेब्रुवारी

ती. आत्याआजीस,
साष्टांग नमस्कार.

मला दिवसाला दहाच ओळी लिहायची रजा आहे म्हणून हे पत्र दोन-तीन दिवस चालेल. माझ्या मराठीवर हसू नकोस, शाळेत सगळं इंग्लिश आणि मैदानावर गुजराती.

आई धवलभाईंच्या कारखान्याच्या गेटवर गेली होती. पाळी सुटायच्या वेळेला, सगळ्या सायकली आणि बसच्या मध्ये उभी राहून तिने त्यांना सॉरी म्हटलं. ते इतके लाजले की तिला शेव-उसळ खायला घेऊन गेले. समारंभ पुढे ढकललाय. शरच्चंद्रसर आईशी कामापुरतंच बोलतात. आता रविवारी सगळ्यांना इथे बोलावतात आणि आमच्या क्लबच्या मुली पेशंट होतात. धवलभाई त्यांना लपवून चिठ्ठी देतात, काहींच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की तुला लागलंय पण तुला खेळायचंच आहे, म्हणून खोटं बोल. पहिल्या रविवारी बाकीच्या एक्केचाळीसपैकी नऊ जणांनीच खोटं पकडलं.

१४ फेब्रुवारी

आता खरी गोष्ट लिहिते. आईला सांगू नकोस. डोकं दुखतं. रोज. उजेडात जास्त. उद्या डॉक्टर तपासणार आणि मी नाही म्हटलं की मला पळायची परवानगी मिळेल, मग वीस तारखेचं शिबिर. पण फक्त शिबिरासाठी नाही गं. आई खोलीत येते आणि विचारते, नाही ना दुखत? मी नाही म्हटलं की तिचा चेहरा इतका मोकळा होतो. त्या दिवशी मैदानातपण तसंच झालं. मला गरगरत होतं, पण आई समोर बसली होती आणि मला उत्तरं येत होती. मी तिला नापास कशी करू?

मला फार भीती वाटते. पळताना काही झालं तर पुन्हा तिलाच वाटेल की तिच्यामुळे झालं.

१५ फेब्रुवारी

आजी, मी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई शेजारच्या खुर्चीवर होती. मी म्हटलं, दुखतं, एकोणीस तारखेपासून एकही दिवस थांबलेलं नाही. डॉक्टरांनी परवानगीच्या कागदावर काट मारली. शिबिर गेलं. मी खूप रडले.

मला वाटलं आई तिथेच रागावेल नाहीतर रडेल. ती बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, कसं दुखतं ते सांग. मला पटकन सांगताच येईना. दोन पेशंट आत जाऊन बाहेर आले. तिने घड्याळ बघितलं नाही, मला शब्दपण सुचवला नाही. मी सांगेपर्यंत तशीच बसून राहिली.

तुला खूप खूप नमस्कार, आणि माझ्यावर माया कर, मी खोटं बोलले असले तरी.

तुझी,
ओवी